डायलिसिस झाले, पण पुरेसे झाले का?

चार तास यंत्राला जोडून घेतले, वजन दोन किलोने उतरले, की डायलिसिस नीट झाले असे रुग्ण आणि घरचे मानतात. पण वजन उतरते ते अंगात साठलेले पाणी निघाल्याने. रक्तातील टाकाऊ घटक किती निघाले, हे काटा सांगत नाही. त्यासाठी रक्त तपासावे लागते.

कसे मोजतात?
डायलिसिसपूर्वी आणि संपताना रक्ताचे नमुने घेऊन यूरिया तपासतात. समजा, आधी यूरिया १५० होता आणि नंतर ५० झाला. म्हणजे तो सुमारे ६७ टक्के घटला. या टक्केवारीला ‘यूआरआर’ म्हणतात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यांत ती किमान ६५ टक्के असावी. काही अहवालांत ‘केटी बाय व्ही’ हा आकडा असतो. तो किमान १.२ हवा. ही तपासणी साधारणपणे दरमहा व्हावी.

एकच आकडा फसवा का?
क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. रुग्ण खंगला की ते आपोआप उतरते. जेवण तुटले की यूरियाही उतरतो. म्हणजे ‘रिपोर्ट सुधारला’ असे वाटत असताना प्रकृती ढासळत असू शकते. म्हणून अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन, फॉस्फरस आणि पोटॅशियम सोबत पाहतात. पोटॅशियम फार वाढले, तर कोणतीही पूर्वसूचना न देता हृदयाची लय बिघडू शकते.

आकडा कमी आला तर?
फिस्टुलातून रक्तप्रवाह कमी असणे, अर्धा तास आधीच यंत्र काढणे किंवा नमुना चुकीच्या वेळी घेणे, ही नेहमीची कारणे. उपाय डॉक्टरांनी ठरवायचा. आकडा विचारायचा तो रुग्णाने.

प्रश्न धोरणाचाही
जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस देणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झाला. त्याने अनेकांच्या दारात आलेले कर्ज टळले. तरीही प्रवासखर्च आणि बुडणारी मजुरी यांमुळे कित्येक जण आठवड्यातून दोनदाच येतात. त्यांना तर ६५ टक्क्यांचा दिलासाही पुरेसा नाही. सरकारने किती सत्रे झाली एवढेच मोजून थांबू नये. प्रत्येक रुग्णाच्या कार्डावर दरमहा यूआरआर लिहिणे बंधनकारक करावे. यासाठी नवे यंत्र लागत नाही. दोन नमुने आणि एक भागाकार पुरतो.