'आहे' आणि 'असावे'

शास्त्रज्ञ कधी सरळ बोलत नाहीत, अशी आपल्याकडची जुनी तक्रार आहे. नेमके विचारावे तर 'संबंध असावा', 'शक्यता नाकारता येत नाही', 'अधिक अभ्यासाची गरज आहे' असली वाक्ये पदरात पडतात. पाटण आणि शिराळा तालुक्यांत भुईचे हादरणे हा घरगुती विषय. तिथे तर ही तक्रार रागानेच ऐकू येते. कऱ्हाडला मी बरीच वर्षे शिकवले, विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासले. माझे मत मात्र उलटे आहे. कोयनाकाठच्या माणसाला दगा दिला तो 'असावे'ने नव्हे, 'आहे'ने.

दख्खनचे पठार प्राचीन, कठीण आणि स्थिर आहे, हे एके काळी पाठ्यपुस्तकी सत्य होते. कोयनेचे पाणी १९६२ च्या सुमारास अडू लागले आणि परिसरात बारीक धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सुमारे ६.३ रिश्टरचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, दोनशेच्या आसपास माणसे गेली. १९७० च्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात हा परिसर चौथ्या क्षेत्रात घालावा लागला. 'स्थिर आहे' याच्या आधी 'आजवरच्या नोंदींवरून' एवढे दोन शब्द असते, तर भूकंप काही टळला नसता. पण घरांच्या भिंतींचा विचार कदाचित वेगळा झाला असता.

त्यानंतरचे संशोधन वाचताना मला विज्ञानाइतकीच भाषाही शिकायला मिळाली. डॉ. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोयनेची तुलना आफ्रिकेतील करिबा आणि ग्रीसमधील क्रेमास्टा या जलाशयांशी केली. पाण्याची चढउतार आणि धक्के यांची सांगड घातली. जलाशयाचा भूकंपांशी संबंध आहे, हे त्यांनी ठामपणे मांडले. पण पुढचे पाऊल जपून टाकले. आठवड्याला साधारण बारा मीटरपेक्षा अधिक वेगाने पाणी चढणे ही पाच रिश्टरच्या धक्क्यासाठी आवश्यक अट दिसते, पण ती पुरेशी नाही, असे गुप्तांनी १९८३ मध्ये लिहिले. आवश्यक, पण पुरेशी नाही! विरजणाशिवाय दही लागत नाही. पण विरजण घातले म्हणून दर वेळी लागतेच असे नाही. हे घरातल्या कोणत्याही बाईला सांगावे लागत नाही. वर्तमानपत्री मथळ्यात मात्र त्यातला दुसरा अर्धा भाग हमखास गळतो आणि उरते ते एवढेच : 'पाणी चढले की भूकंप'.

आणखी एक गंमत पाहा. गुप्तांच्या १९९२ च्या ग्रंथाच्या नावात 'इन्ड्यूस्ड' शब्द आहे, म्हणजे जलाशयाने घडवलेले भूकंप. २००२ च्या त्यांच्या आढावा लेखाच्या शीर्षकात त्या जागी 'ट्रिगर्ड' आला. खडकात ताण आधीपासून साठलेला होता, पाण्याने फक्त बंदुकीचा चाप ओढला, असा त्याचा भाव. कुणाला हा शब्दच्छल वाटेल. मला त्यात पुराव्याच्या मापाने बेतलेला शब्द दिसतो.

शब्दांचे वजन वाढतेही. कोयनेच्या दक्षिणेला, सांगली जिल्ह्याच्या हद्दीवर चांदोलीचे धरण झाले. वारणेचे पाणी १९८५ पासून साठू लागले. १९९३ च्या सुमारास तिथे पाच रिश्टरच्या आसपासचे धक्के बसले. एकट्या कोयनेवरून जे बेताने म्हणावे लागत होते, ते वारणेनंतर अधिक ठामपणे म्हणता आले. त्याच वर्षी किल्लारी झाले. पण कोयनेचे अनुमान तिथे परस्पर नेता येत नव्हते. तिथला पुरावा तिथेच तपासायला हवा होता.

आमच्या प्रबंधांत या दोन्ही गोष्टींची खिचडी झालेली असते. चार गावांत प्रश्नावली भरून घ्यायची आणि 'यावरून निर्विवादपणे सिद्ध होते' असे ठोकून द्यायचे. उलट जिथे स्वतः मोजलेले आकडे समोर आहेत, तिथे 'असे नम्रपणे म्हणावेसे वाटते'. हा विनय आहे, सावधपणा नव्हे. मार्गदर्शकांना खूश ठेवण्याच्या सवयीतून तो येतो, असा माझा संशय आहे. वास्तविक मराठीइतकी सोय क्वचितच कुठे असेल. 'आहे', 'असणार', 'असावे', 'असू शकेल' अशी उतरती पायरीच आपल्याकडे आहे. आणि ऐकीव बातमीला नुसते 'म्हणे' लावून आपल्या आज्या मोकळ्या होत असत. एवढे काटेकोर साधन घरात असताना आपण ते प्रबंधाच्या उंबऱ्याबाहेर ठेवतो.

हा वाद केवळ प्राध्यापकांचा असता तर रविवारची सकाळ त्यात घालवायचे कारण नव्हते. पण कोयना खोऱ्यात धक्का बसला की पाठोपाठ 'धरणाला कोणताही धोका नाही' हे वाक्य ऐकू येते. ते खरे असेलही. १९६७ नंतर धरण मजबूत केले गेले, हे ठाऊक आहे. तरीही खालच्या अंगाला राहणाऱ्या माणसाला त्या वाक्याबरोबर आणखी थोडे मिळायला हवे. तपासणी केव्हा झाली? कोणी केली? भिंतीचा कोणता भाग पाहिला, कोणता अजून पाहायचा आहे? गोठणे येथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेऊन खडकाच्या पोटात काय चालले आहे हे पाहण्याचे काम झाले. त्याची प्रयोगशाळा कऱ्हाडजवळ हजारमाचीला आहे. तिथून निघणारे निष्कर्ष 'असावे'सकट गावच्या चावडीवर वाचले जावेत. कोयनाकाठची माणसे ती भाषा समजतात. साठ वर्षे ती त्याच जमिनीवर झोपत आली आहेत.