इंजिन बदलल्याने इतिहास पुसला जात नाही

१/
जुन्या जीपच्या बॉनेटखाली टर्बो डिझेल इंजिन बसवल्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर आले, की प्रतिक्रियांत एक वाक्य ठरलेले असते : ‘इतिहासाचा खून केला.’ हे लिहिणाऱ्यांचे जीपवर प्रेम आहे, याविषयी मला शंका नाही. शंका आहे ती त्यांच्या इतिहासाच्या कल्पनेविषयी. हा धागा त्या वाक्याविरुद्ध आहे; आणि ते वाक्य आता ज्या सरकारी नियमात जाऊन बसले आहे, त्या नियमाविरुद्धही.

२/
आधी नियम पाहू. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन ‘विंटेज’ वाहनाची व्याख्या ठरली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली असावीत, वाहन ‘मूळ स्वरूपात’ जतन केलेले असावे आणि त्यात भरीव फेरफार झालेला नसावा. भरीव फेरफार म्हणजे काय, तर चासी, सांगाडा किंवा इंजिन यांतील कोणताही बदल. या कसोटीला उतरणाऱ्या वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र क्रमांकमालिका मिळते.

३/
१९७० च्या दशकातल्या जीपगाड्या आता एकेक करून पन्नाशी ओलांडत आहेत. त्यांतल्या कित्येकींचे पेट्रोल इंजिन केव्हाच उतरले आणि त्या जागी डिझेल आले. नियम त्यांना सांगतो : तुम्ही म्हाताऱ्या आहात, ऐतिहासिक नाही. म्हणजे वाट उरली भंगाराची. माझे म्हणणे नेमके उलट आहे. बदललेले इंजिन हे अशा जीपच्या चरित्रातले सर्वांत बोलके पान असते. दोष द्यायचाच असेल तर तो बदल लपवण्याला द्यावा.

४/
‘मूळ स्वरूप’ हा शब्द तपासून पाहू. जुलै १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने हलक्या टेहळणी गाडीसाठी निविदा काढली आणि नमुना गाडीसाठी ४९ दिवस दिले. पहिला नमुना बँटम कंपनीचा. त्यात इंजिन कॉन्टिनेन्टल कंपनीचे. फोर्डने आपल्याच ट्रॅक्टरच्या इंजिनात फेरफार करून ते बसवले. विलीजने ‘व्हिपेट’ या १९२० च्या दशकातल्या मोटारीपासून चालत आलेले इंजिन घेतले.

५/
विलीजचा अभियंता बार्नी रूस याने त्या ४८ अश्वशक्तीच्या जुन्या इंजिनावर काम करून ते ६० च्या घरात नेले. तेच ‘गो-डेव्हिल’. स्पर्धेत विलीजचे पारडे जड झाले ते मुख्यतः या ताकदीमुळे. पुढे फोर्डनेही युद्धकाळात विलीजच्याच आराखड्याच्या जीप बनवल्या. ज्या गाडीला आपण आद्य आणि अस्सल मानतो, तिचे हृदय दुसऱ्या गाडीच्या वंशातले होते. जीपचा जन्मच उसन्या, सुधारलेल्या इंजिनावर झाला आहे.

६/
आता १९५३. विलीजने गो-डेव्हिलची जागा ‘हरिकेन’ इंजिनाला दिली. क्षमता तीच, सुमारे २२०० घनसेंटिमीटर. पण हवा आत घेणाऱ्या झडपा आता वर, सिलिंडर हेडमध्ये गेल्या. ताकद वाढली आणि इंजिनाची उंचीही वाढली. ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेट आणि समोरची जाळी उचलून उंच करण्यात आली. या गाडीचे नाव सीजे-३बी.

७/
भारतीय वाचकाने इथे थांबावे. १९४० च्या दशकाअखेर मुंबईत माझगावला परदेशी सुटे भाग जोडून महिंद्राने जीप उभ्या करायला सुरुवात केली, आणि पुढे याच सीजे-३बीचे उत्पादन भारतात रुजले. तहसीलदाराची जीप, प्रचाराची जीप, साखर कारखान्याच्या अध्यक्षांची जीप म्हणून डोळ्यांसमोर येणारा तो उंच कपाळाचा चेहरा म्हणजे जुन्या गाडीत मोठे इंजिन बसवताना केलेली तडजोड आहे. ज्याला आपण ‘मूळ’ म्हणून कवटाळतो, ते एका इंजिनबदलाचे व्रण आहेत.

८/
मग डिझेल का आले? ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर खनिज तेलाची किंमत पिंपामागे ३ डॉलरच्या आतून काही महिन्यांत ११ डॉलरच्या वर गेली. शेती आणि मालवाहतूक डोळ्यांसमोर ठेवून भारतात डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त ठेवले गेले. पेट्रोलवरचे दरनियंत्रण २०१० मध्ये उठले, डिझेलवरचे २०१४ मध्ये. अवजड पेट्रोल जीप पोसणे ज्यांना परवडेना, त्यांच्यासमोर दोनच पर्याय होते : गाडी विकणे किंवा इंजिन बदलणे.

९/
पहिले पाऊल कारखान्यानेच उचलले. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने मुंबईत बी-२७५ ट्रॅक्टर तयार होत होते. त्याच घराण्यातले डिझेल इंजिन तेलधक्क्यानंतरच्या वर्षांत जीपमध्ये आले. १९८० च्या दशकात फ्रेंच प्यूजो कंपनीचे एक्सडीपी ४.९० हे इंजिन नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीच्या कारखान्यात तयार होऊ लागले. त्याच्या नावातच त्याची कुंडली आहे : चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर.

१०/
या बदलाचा सामाजिक परिणाम मोजायचा तर सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या ‘वडाप’कडे पाहावे. एस.टी. पोहोचत नव्हती किंवा दिवसातून एकदाच येत होती, त्या वाड्यावस्त्यांतून माणसे, दुधाच्या किटल्या आणि बाजाराच्या पिशव्या वाहण्याचा हा धंदा पेट्रोलच्या खर्चात तगला नसता. डिझेल जीपने ग्रामीण महाराष्ट्राचा नकाशा जवळ आणला. हा इतिहास नव्हे, असे म्हणणाऱ्याने इतिहासाची आपली व्याख्या जाहीर करावी.

११/
पुराव्याचे एक सुंदर उदाहरण देतो. पूर्वीच्या बोलेरोतले आणि अनेक जुन्या जीपमध्ये बसवले जाणारे महिंद्राचे टर्बो डिझेल २५२३ घनसेंटिमीटरचे आहे. हा आकडा इतका विचित्र का? सिलिंडरचा व्यास ८८.९ मिलिमीटर, दट्ट्याची धाव १०१.६ मिलिमीटर. इंचांत मोजा : नेमके साडेतीन आणि नेमके चार. मेट्रिक देशातल्या इंजिनाची मापे इंचांत पूर्ण बसतात, कारण इंटरनॅशनलच्या जुन्या ट्रॅक्टर इंजिनांची मापे हीच आहेत. नाण्यावरचे वजन पाहून टांकसाळ ओळखावी, तशी ही वंशावळ ओळखता येते.

१२/
टर्बोचे काम थोडक्यात सांगतो. एरवी वाया जाणारा धुराचा झोत एक चक्र फिरवतो; त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरते. हवा जास्त, म्हणून जास्त डिझेल पूर्ण जळते. परिणामी कमी फेऱ्यांतच भरपूर टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याची ताकद, मिळते. घाटात, चिखलात, नदीपात्रात जीपला हवे असते ते हेच. जुन्या जीपशी टर्बो डिझेलची जोडी जमते, ती या गुणामुळे.

१३/
आणि हे काम ‘एक काढले, दुसरे टाकले’ इतके सोपे नसते. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढच्या पाट्यांवर भार येतो. बेलहाउसिंग आणि गिअरबॉक्स जुळावेत म्हणून लेथवर अडॅप्टर प्लेट कातावी लागते. सीजे-३बीचा तीन गिअरांचा टी-९० गिअरबॉक्स नव्या टॉर्कपुढे दमतो. अ‍ॅक्सलचे ५.३८ चे गुणोत्तर पेट्रोलसाठी बेतलेले. डिझेल कमी फेऱ्यांत चालते, म्हणून हमरस्त्यावर इंजिन उगाच ओरडत राहते. पेट्रोल इंजिनासारखी निर्वात ओढ डिझेलमध्ये मिळत नाही, म्हणून ब्रेक-बूस्टर असेल तर वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो.

१४/
हे सारे प्रश्न गावोगावच्या मिस्त्रींनी आराखड्याविना सोडवले. त्यांच्या उत्तरांचा ग्रंथ कुठेच नाही. तो त्या गाड्यांतच लिहिलेला आहे. इथे शुद्धतावाद्यांचा युक्तिवाद उघडा पडतो. विलीजने इंजिन बदलले तर ते नवे मॉडेल, महिंद्राने बदलले तर ती प्रगती, आणि तासगावच्या गॅरेजने बदलले तर तो खून? दरबारी कागद तेवढा इतिहास आणि गावचे कागद तेवढी रद्दी, ही जुनीच खोड आहे. इतिहासलेखनाने ती सोडली. मोटारप्रेमींनी अजून सोडलेली नाही.

१५/
इतरत्र काय आहे? लँड रोव्हर १९४८ मध्ये १.६ लिटर पेट्रोल इंजिनासह आली. १९५७ मध्ये डिझेल बसवायचे ठरले, तेव्हा जागा व्हावी म्हणून दोन चाकांतले अंतर दोन इंचांनी वाढवावे लागले. फेरफार केलेल्या वाहनाची ओळख ठरवण्यासाठी ब्रिटनने वापरलेली गुणपद्धती पाहा : मूळ चासीला ५, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी २, आणि इंजिनाला फक्त १. चौदापैकी आठ गुण राखले की जुनी ओळख कायम. इंजिन हा गाडीचा आत्मा आहे, असे त्या पद्धतीने मानले नाही.

१६/
प्रतिपक्षाचा सर्वांत सबळ मुद्दा टाळणार नाही. प्रत्येकाने इंजिन बदलले, तर चालते हरिकेन इंजिन पाहायला, ऐकायला मिळणारच नाही. हे खरे आहे. म्हणून ज्या जीप आजही मूळ इंजिनासह धडधाकट आहेत, त्यांना हात लावू नये, असेच माझे मत आहे. पण यातून न बदललेल्या थोड्या गाड्या जपाव्यात एवढेच सिद्ध होते. बदललेल्या असंख्य गाड्या इतिहासबाह्य आहेत हे सिद्ध होत नाही. किल्ल्याचा मूळ बुरूज जपावा, म्हणून नंतरच्या तटबंदीवर नांगर फिरवत नाहीत.

१७/
दुसरा आक्षेप धुराचा. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच दिला आहे. इतिहासाच्या नावाने धुराला माफी मागणे लबाडीचे ठरेल. पण ओळख आणि परवानगी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ही जीप रोज शहरात फिरू द्यावी का, हा परवानगीचा प्रश्न. ती वारसा आहे का, हा ओळखीचा. तोफखान्यातली तोफ वारसा आहे, म्हणून कोणी ती चौकात डागत नाही.

१८/
आता कायदा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी नोंदणीचे तपशील विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही; जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका ठामपणे मांडली. रस्त्यावरच्या सुरक्षेसाठी हा दंडक योग्यच आहे, आणि विनापरवाना इंजिन बदला असे मी कोणालाही सांगत नाही. पण चाळीस वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या बदलांचे काय? खरे सांगितले तर वारशाचा दर्जा जातो. मग कागदावर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल, असा खोटा दस्त तयार होतो. मूळ स्वरूपाचा हट्टच बनावट कागदांना जन्म देतो.

१९/
आपल्या परंपरेत यावर उत्तर आहे. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा ते काम त्यांनी झाकून ठेवले नाही. शके १५०६, म्हणजे इ.स. १५८४, हा काळ त्यांनी ग्रंथाच्या शेवटी स्वतः नोंदवला. हात कोणी लावला आणि केव्हा लावला, हे पुढच्याला कळावे, ही ती सचोटी. नोंदलेला बदल अभ्यासकाच्या हाती पुरावा म्हणून येतो. लपवलेला बदल प्रक्षेप म्हणून छळतो. पोथीला लावतो तो न्याय जीपलाही लावावा.

२०/
म्हणून माझी मागणी तीन कलमी आहे.
एक : विंटेज व्याख्येतून इंजिनाची सरसकट अट काढावी, चासी आणि सांगाडा मूळ असल्यास, जुन्या काळी झालेला इंजिनबदल तारखेसह नोंदवून वाहनाला दर्जा द्यावा.
दोन : अशा जुन्या बदलांची कबुली देणाऱ्या मालकाला दंडाऐवजी तपासणी आणि नोंद मिळावी.
तीन : काढलेले मूळ इंजिन भंगारात न घालता, शक्य तिथे गाडीसोबत किंवा संग्रहालयात जपावे.

२१/
आणि मित्रहो, पुढच्या वेळी अशी जीप दिसली तर प्रतिक्रिया टंकण्याआधी चार प्रश्न विचारा. इंजिन कोणते? कोणत्या वर्षी बसवले? कोणत्या मिस्त्रीने बसवले? जुने कुठे आहे? उत्तरे लिहून घ्या. इंजिन क्रमांकाचे आणि ओतकामावरच्या अक्षरांचे छायाचित्र मालकाला विचारून काढा. ज्यांनी हे बदल केले, त्या पिढीचे हात आता थकले आहेत. त्यांच्यापाशी बसून दोन तास ऐकले, तर जे हाती लागेल ते कुठल्याही पुराभिलेखागारात मिळणार नाही.