विळा आणि अक्षर

कोरियन भाषेत एक म्हण आहे. समोर विळा ठेवलेला असूनही ज्याला 'गियोक' हे अक्षर ओळखता येत नाही, तो अगदीच निरक्षर होय, असा तिचा आशय. गियोक हे त्या भाषेतील पहिले व्यंजन. वर एक आडवी रेघ आणि तिच्या उजव्या टोकापासून खाली उतरणारी दुसरी रेघ, एवढाच त्याचा आकार. तो विळ्यासारखा दिसतो. नवी भाषा शिकू इच्छिणाऱ्याने आरंभ कोठून करावा, याचे उत्तर या म्हणीत आहे. अक्षर, शब्द आणि म्हण ही तिन्ही त्याने बरोबरच शिकावीत.

पुष्कळ विद्यार्थी असे करीत नाहीत. ते कोरियन शब्द देवनागरीत उतरवून घेतात आणि पाठ करतात. हा मार्ग सोपा वाटतो, पण फसवा आहे. विळा या अर्थाचा कोरियन शब्द कानाला 'नात' असा ऐकू येतो; परंतु त्याच्या शेवटी अक्षर असते ते 'स'चे. पुढे स्वराने आरंभ होणारा प्रत्यय लागला, की तो लपलेला 'स' पुन्हा प्रकट होतो. ज्याने मूळ लिपी पाहिली नाही, त्याला हे कोडे कसे उलगडावे?

ही लिपी कठीणही नाही. तिच्यात आज १४ मूळ व्यंजने आणि १० मूळ स्वर आहेत. पूर्वी कोरियात चिनी अक्षरांत लेखन चाले. ती हजारो अक्षरे शिकण्यास कष्टकऱ्यांना सवड कोठून मिळणार? म्हणून सेजोंग राजाने इ. स. १४४३ मध्ये नवी लिपी सिद्ध केली आणि १४४६ मध्ये ती प्रजेच्या हाती दिली. ध्वनी उच्चारताना मुखाची जी ठेवण होते, तिचेच चित्र त्याने रेखाटले. गियोक म्हणजे घशाकडे उचललेली जीभ. 'म' म्हणजे मुखाचा चौकोन. 'स' म्हणजे दात. मराठी मूल कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य हे वर्ग पाठ करते. कोरियन लिपीत ते डोळ्यांना दिसतात.

दरबारातील काही विद्वानांनी १४४४ मध्ये या लिपीला विरोध केला. पुढे जपानी राजवटीत कोरियन भाषेवरच संकट आले. १९४२ मध्ये शब्दकोश रचणाऱ्या अभ्यासकांना अटक झाली. त्यांतील दोघे तुरुंगातच मरण पावले. जप्त झालेले हस्तलिखित १९४५ मध्ये सेऊल स्थानकाच्या गोदामात सापडले. ज्या अक्षरांसाठी माणसांनी एवढे सोसले, ती टाळून भाषा शिकणे हा आळसच नव्हे काय?

कोणी म्हणेल, नुसती अक्षरे ओळखली म्हणून भाषा येते काय? आक्षेप खरा आहे. अक्षरे थोड्या दिवसांत येतात. भाषेला वर्षे लागतात. परंतु मराठी विद्यार्थ्याने भिण्याचे कारण नाही. 'मी भात खातो' या वाक्यातील शब्दांचा क्रम कोरियनमध्येही असाच असतो. वडीलधाऱ्यांशी बोलताना तेथेही क्रियापदाचे रूप बदलते. इतकेच नव्हे, तर त्यांच्या जेवणासाठी निराळा, आदराचा शब्द वापरतात.

म्हणींचे तर विचारूच नये! दिव्याखालचा अंधार कोरियन माणसालाही ठाऊक आहे. आपण गोड बोललो तर दुसराही गोड बोलेल, अशी शिकवण तेथील आजीही देते. दूरच्या देशातील माणूस आपल्यासारखाच विचार करतो, हे शब्दांची यादी सांगत नाही, म्हण सांगते.

आरंभ म्हणजे अर्धे काम, अशीही एक कोरियन म्हण आहे. उरलेले अर्धे काम मात्र रोजच्या सरावाने करावे लागते. विळा समोर आहे. त्यातील अक्षर ज्याचे त्याने ओळखावे.