फोन एकच, कलमे पाच! चोरीची तक्रार देताना कायद्यातले शब्द का महत्त्वाचे?

भाजीच्या गाडीवर ठेवलेला साडेचार हजार रुपयांचा फोन कुणी गुपचूप उचलून नेला, तर बोलीभाषेत ती सरळ चोरी. कायद्यातही ती चोरीच. पण या चोरीचा तपास पोलिसांना दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय करता येत नाही. हाच फोन विक्रेतीच्या हातातून हिसकावून नेला असता, तर पोलिसांना स्वतःहून तपास करता आला असता. फोन तोच, मालकीण तीच, नुकसानही तेवढेच. फरक पडतो तो कायद्यातल्या व्याख्येने.

१ जुलै २०२४ पासून १८६०च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. गुन्हा कशाला म्हणायचे, हे न्याय संहिता सांगते. त्यावर पोलीस आणि न्यायालयाने काय करायचे, हे नागरिक सुरक्षा संहिता सांगते.

चोरी म्हणजे नेमके काय?

न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार, दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम वस्तू त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिकपणे घेण्याच्या हेतूने हलवणे म्हणजे चोरी. यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे. वस्तू घेऊन पसार होणे गरजेचे नाही, हलवली तरी पुरे. टेबलावरची अंगठी पुढे विकायच्या इराद्याने त्याच घरात लपवून ठेवली, तरी ती चोरी ठरते, असे उदाहरण कायद्यातच दिले आहे.

याच्या उलट, रस्त्यावर पडलेली आणि कुणाच्याही ताब्यात नसलेली अंगठी उचलणे ही चोरी नाही. मात्र मालक शोधण्याचा वाजवी प्रयत्न न करता ती स्वतःसाठी वापरली, तर कलम ३१४ खाली अपहाराचा गुन्हा होऊ शकतो.

एकाच फोनची पाच कलमे

• गाडीवरून किंवा खिशातून गुपचूप नेला : कलम ३०३, चोरी. ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.
• हातातून झटकन किंवा बळाने ओढून नेला : कलम ३०४, हिसकावणे. ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जुन्या संहितेत हा स्वतंत्र गुन्हा नव्हता.
• राहत्या घरातून किंवा प्रवासी वाहनातून चोरला : कलम ३०५. ७ वर्षांपर्यंत कैद आणि दंड.
• मारहाण करून किंवा तत्काळ इजा करण्याची भीती घालून नेला : कलम ३०९, जबरी चोरी. १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि दंड.
• पडलेला सापडला आणि ठेवून घेतला : कलम ३१४, अपहार. ६ महिने ते २ वर्षे कैद आणि दंड.

पाच हजारांची रेषा

दखलपात्र गुन्ह्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक आणि आदेशाशिवाय तपास करू शकतात. अदखलपात्र गुन्ह्यात ते फक्त नोंद, म्हणजे 'एनसी', करून तक्रारदाराला दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. कोणता गुन्हा कशात मोडतो, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत दिले आहे.

जुन्या कायद्यात चोरी कितीचीही असो, दखलपात्र होती. नव्या अनुसूचीत मात्र कलम ३०३ खालील ५ हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे.

यामागचा हेतू चुकीचा नाही. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला तुरुंगाऐवजी सामुदायिक सेवेची शिक्षा द्यावी, असे कलम ३०३ सांगते. पोटासाठी केलेल्या किरकोळ चोरीपायी कुणी तुरुंगात सडू नये, हे योग्यच.

अडचण वेगळी आहे. चोर पहिलटकर आहे का, तो वस्तू परत करणार का, हे खटल्याच्या शेवटी कळते. गुन्हा दखलपात्र की अदखलपात्र, हे मात्र तक्रारीच्या वेळीच ठरते. तेव्हा तर चोर कोण, हेच माहीत नसते. शिवाय 'किंमत' म्हणजे खरेदीची की आजची, याची व्याख्या कलमात नाही. सात हजारांना घेतलेला दोन वर्षे जुना फोन रेषेच्या अलीकडे की पलीकडे, हे ठाणे अंमलदार कशावरून ठरवणार?

म्हणजे सवलत चोराला आणि तिची किंमत तक्रारदाराला, असा हा हिशेब झाला. महागडा फोन चोरीला गेला तर पोलीस तपास करणार. ज्याच्या साध्या फोनवर रोजची यूपीआय वसुली चालते, त्याने मात्र धंदा बंद ठेवून न्यायालयाच्या पायऱ्या झिजवायच्या.

'गहाळ' लिहिण्यापूर्वी

याच्या जोडीला 'गहाळ' हा शब्द आहे. चोरीची तक्रार द्यायला गेलेल्याला वस्तू गहाळ झाल्याची नोंद करायला सांगितले जाते, अशी ओरड जुनीच आहे. गहाळ होणे हा गुन्हाच नाही, त्यामुळे गुन्ह्याचा तपासही नाही. फोन कुठे पडला हे खरेच आठवत नसेल, तर तीच नोंद योग्य. खोटी माहिती देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. पण खिसा कापलेला असेल, कुणी धक्का देऊन पळाला असेल, तर ती हकीकत जशीच्या तशी लिहून द्यायला हवी. कलम कोणते, हे हकीकतीवरून ठरते.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यास एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्ये दिला. आता ३ ते ७ वर्षांच्या आतील शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा पोलिसांना आहे. पण कलम १७३ तक्रारदारालाही बळ देते. घटना कुठल्याही हद्दीतली असो, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. ऑनलाइन दिल्यास ३ दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. नोंद नाकारल्यास पोलीस अधीक्षकांकडे आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

काय बदलायला हवे?

कलम ३०३ मधील सामुदायिक सेवेची तरतूद तशीच ठेवून, अनुसूचीतील 'अदखलपात्र' हा एक शब्द बदलता येईल. शिक्षा सौम्य असण्यासाठी तपासच नसणे गरजेचे नाही. तोवर 'गहाळ'च्या प्रत्येक अर्जावर, या नोंदीने गुन्ह्याचा तपास सुरू होत नाही, एवढे एक वाक्य ठळक मराठीत छापायला सरकारला कायदादुरुस्तीचीही गरज नाही.