अठराव्या वर्षीचा 'एफ'

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजला दुसऱ्या संधीचं दार म्हणतात. फी कमी, प्रवेश जवळपास सगळ्यांना खुला, आणि दोन वर्षांनी चार वर्षांच्या विद्यापीठात बदली घेता येते. पण इथूनच वर आलेल्या कुणी लॉ स्कूलचा अर्ज भरला, की दुसऱ्या संधीची भाषा संपते.

अर्जदाराची सरासरी, म्हणजे जीपीए, एलसॅक ही संस्था नव्याने काढते. पहिली पदवी मिळेपर्यंतच्या प्रत्येक कॉलेजचे ग्रेड त्यात येतात. समजा, एक मुलगी अठराव्या वर्षी १२ क्रेडिट्समध्ये नापास झाली. पुढे १२० क्रेडिट्समध्ये सरळ 'ए' मिळवले. बदलीपूर्वीचे ग्रेड विद्यापीठ सहसा आपल्या सरासरीत धरत नाही. तिथे ती ४.०. एलसॅककडे मात्र ४८० भागिले १३२, म्हणजे ३.६४. विषय पुन्हा देऊन पास झाली, तरी गुणपत्रिकेवर दिसणारा जुना 'एफ' मोजला जातोच. कॉलेजने माफ केलेला ग्रेडही सुटत नाही.

एकच माप नको का, असं विचारलं जातं. हवं ना! पण ते एकच आहे कुठे? मी महाराष्ट्रात इंजिनिअरिंग केलं, एम-थ्रीची एटीकेटी घेऊन. उद्या मी अर्ज केला, तर एलसॅक माझा जीपीए काढणारच नाही. परदेशी पदवीला आकडा नाही, शब्दांत शेरा मिळतो. माझी एटीकेटी माणूस वाचेल, तिचा 'एफ' मात्र भागाकारात जाईल.

एमएस, पीएचडीलाही सगळ्या गुणपत्रिका मागतात. पण तिथले प्राध्यापक बहुधा शेवटची वर्षं आणि मुख्य विषय पाहतात. म्हणजे समजून वाचणं अशक्य नाही.

मग लॉ स्कूलं का अडतात? कारण रँकिंगमध्ये प्रवेश घेतलेल्यांच्या जीपीएचा मध्यक मोजला जातो. अर्जदार खुलाशाचं पत्र जोडू शकते, समितीला ते पटूही शकतं. मध्यकात पत्र जात नाही, ३.६४ जातो.

एलसॅकच्या अहवालात वर्षवार सरासरी असतेच. मध्यक शेवटच्या ६० क्रेडिट्सवरून काढा. आमच्या धंद्यात दुरुस्त झालेल्या बगची नोंद राहते, पण त्यासाठी आजचा प्रोग्राम कुणी नापास करत नाही. नोंद जरूर ठेवा. शिक्षा थांबवा.