बस आधी, भोगवटापत्र नंतर



‘आधी देश श्रीमंत होऊ द्या, हवा नंतर स्वच्छ करता येईल’ हा युक्तिवाद पर्यावरणाचा विषय निघाला की हमखास ऐकू येतो. उत्पन्न वाढताना प्रदूषण आधी वाढतं आणि एका टप्प्यानंतर उतरू लागतं, या ग्रॉसमन आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांच्या १९९१ च्या निष्कर्षाचा त्यासाठी आधार घेतला जातो. पण त्यांनी तपासला होता तो सल्फर डायऑक्साइड आणि धूर. धुरांडं बंद केलं की गावाची हवा काही दिवसांत निवळते. कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही. आज सोडलेल्या वायूतला मोठा हिस्सा शेकडो वर्षं वातावरणात राहतो. शिवाय एकदा शहर वसलं, की तिथल्या माणसांनी रोज किती इंधन जाळायचं हे पुढच्या दोन पिढ्यांसाठी ठरून जातं.

वाघोलीचंच बघा. हे गाव पुणे महापालिकेत आलं २०२१ मध्ये. टोलेजंग इमारती त्याआधीच उभ्या होत्या. तिथे राहून हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलीला रोज शहराच्या या टोकापासून त्या टोकाला जावं लागतं. बसची वाट बघायची, ती आली तर पाय ठेवायला जागा नाही, मग रिक्षाला पैसे घालायचे. असे काही महिने काढले, की हप्त्यांवर स्कूटर घरात येते. रोज लिटरभर पेट्रोल तरी जळतंच. लिटरमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर कामाच्या ३०० दिवसांत जवळपास ७०० किलो होतो. भारतात माणशी वार्षिक उत्सर्जन साधारण २ टन आहे. त्याचा तिसरा हिस्सा हिच्या नुसत्या जाण्यायेण्यात गेला. यात तिचा काय दोष?

शहरीकरणालाच गुन्हेगार ठरवणंही मला मान्य नाही. मुंबईत गाडी परवडणारी माणसंही लोकलने जातात, कारण ती वेळेवर पोचवते. ब्राझीलमधल्या कुरितिबाने १९७४ मध्ये आणि कोलंबियाच्या बोगोटाने २००० मध्ये बससाठी स्वतंत्र मार्गिका आखल्या, तेव्हा ते देश काही श्रीमंत नव्हते. पुण्यानेही २००६ मध्ये तोच मार्ग धरला होता. पुढे नगर रस्त्यावरच्या, म्हणजे वाघोलीकडे जाणाऱ्याच रस्त्यावरच्या, बीआरटी मार्गिका काढून टाकण्यात आल्या. त्या नीट चालत नव्हत्या हे खरं. पण मग त्या नीट चालवायला हव्या होत्या.

अमेरिकन माणूस आपल्या सुमारे सातपट कार्बन सोडतो, मग काटकसर आपणच का करायची, असं विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे आणि तो जागतिक परिषदांत ठणकावून मांडलाच पाहिजे. पण वाघोलीच्या मुलीला वेळेवर बस मिळाली, तर त्यात तिच्या वाट्याला काटकसर कुठे येते? उलट तिचा पेट्रोलचा खर्च वाचतो आणि गाडीचा हप्ताही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. महापालिकेत नव्याने आलेल्या गावांत मोठ्या गृहप्रकल्पाला भोगवटापत्र देण्यापूर्वी चालत गाठता येईल इतक्या अंतरावर नियमित बस आणि तिथवर सलग पदपथ आहे का, हे तपासावं. पाणी आणि सांडपाण्याइतकीच ही अटही सक्तीची असावी. आणि बस वाढवायला पैसे नाहीत असं यापुढे कोणी म्हणालं, तर त्याच वर्षी उड्डाणपुलांवर किती खर्च झाला, हे आपल्या वृत्तपत्राने शेजारी छापावं.

– एक वाचक, पुणे