तण परदेशी, पड आमची

गाजर गवताचा विषय निघाला म्हणजे आमच्या सुशिक्षित मंडळींचें एक उत्तर ठरलेलें असतें: अमेरिकेनें निकृष्ट गहू पाठविला आणि त्याबरोबर ही पीडा देशांत आली. ‘काँग्रेस गवत’ हें नांव उच्चारलें कीं त्या वेळच्या राज्यकर्त्यांवरहि ठपका ठेवल्याचें समाधान मिळतें. एवढें बोलून आपण मोकळे होतों, हीच माझी तक्रार आहे.

प्रथम इतिहास पाहूं. ही वनस्पति मूळची मेक्सिको व त्याच्या आसपासच्या उष्ण प्रदेशांतली. पुण्यांत ती १९५५ च्या सुमारास अभ्यासकांच्या नजरेस आली. ज्या ‘पी. एल. ४८०’ कायद्याच्या गव्हाला आपण दोष देतों, त्या कायद्याखालचा भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मधला आहे. १९५१ च्या कर्जाऊ धान्यांतून बीं आलें असेल, असें कोणी म्हणेल, म्हणो बापडा. परंतु बीं येणें निराळें आणि तें देशभर पसरणें निराळें. पहिलें केव्हां तरी घडून गेलें; दुसरें दर पावसाळ्यांत आपल्या डोळ्यांदेखत घडत आहे.

तें कसें घडतें? पहिल्या पावसाबरोबर रोप उगवतें व चार-सहा आठवड्यांत फुलावर येतें. एका भरदार झाडाला १५ ते २५ हजार बिया धरतात. त्या इतक्या हलक्या असतात कीं ओढ्याच्या पाण्याबरोबर, चाकाला लागलेल्या चिखलांतून, मुरूम-वाळूच्या खेपांतून, अर्धवट कुजलेल्या शेणखतांतून दूरवर जातात. आणि मातींत गाडल्या गेल्या तर कित्येक वर्षें जिवंत राहतात. गुरें या झाडाला सहसा तोंड लावीत नाहींत. शिवाय त्याच्या मुळापानांतून उतरणाऱ्या द्रव्यांनीं शेजारच्या रोपांची उगवण खुंटते. म्हणून गायरानांत चराई जितकी अधिक, तितकें चाऱ्याचें गवत कमी आणि हें गवत अधिक. मात्र दाट पिकाच्या सावलींत त्याचें फारसें चालत नाहीं. त्याला मोकळी, कोणी न राखलेली जमीन हवी असते.

सोलापुराकडील कोरडवाहू मुलुखांत अशी जमीन त्याला आयती मिळते. तेथें ज्वारी रब्बीची. पावसाळाभर रान मोकळें ठेवावयाचें व कुळवाच्या पाळ्या घालावयाच्या, म्हणजे ओल टिकते आणि तणहि मरतें. पाळी चुकली कीं ज्वारीसाठीं राखलेली ओल हें गवत पिऊन टाकतें. शेतकऱ्याची पाळी आळसामुळेंच चुकते असें म्हणणाऱ्यानें बैलजोडीचा किंवा ट्रॅक्टरच्या डिझेलचा खर्च कधीं सोसलेला नसतो.

माझी स्वतःची वडिलोपार्जित चार एकर जमीन त्याच भागांत आहे. नोकरीपायीं मी शहरांत; वाटेकरी सोडून गेला आणि तीन वर्षें रान तसेंच राहिलें. एकदां गांवीं गेलों असतां शेजारचा शेतकरी बांधावर भेटला. ‘मास्तर, रान तुमचं पडीक, अन् खुरपणी आमच्या बायकांच्या वाट्याला,’ एवढेंच तो म्हणाला. त्याच्या पत्नीचे हात कोपरापर्यंत पुरळानें भरले होते. या गवताच्या स्पर्शानें कातडीचा असा विकार जडतो व त्याच्या परागांनीं कित्येकांना दम्याचा त्रास होतो. अमेरिकेच्या गव्हाची गोष्ट त्याला ऐकविण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

शहराबाहेरच्या आपल्या प्लॉटांची कथा याहून निराळी नाहीं. भाव वाढण्याची वाट पाहत आपण तारेचें कुंपण घालतों, फाटकाला कुलूप लावतों आणि पांच-पांच वर्षें तिकडे फिरकत नाहीं. तारेच्या कुंपणाला बीं अडत नाहीं.

सरकारनें काय केलें, असें विचारलें जाईलच. कर्नाटकानें १९७५ मध्यें हें उपद्रवी तण म्हणून जाहीर केलें. तेवढ्यानें तें तेथून गेलें नाहीं. १९८४ मध्यें बंगळुरास मेक्सिकन भुंगे सोडण्यांत आले; ते पावसाळ्यांत पानें फस्त करतात, पण कोरड्या दिवसांत जमिनींत दडून बसतात. दर वर्षीं १६ ते २२ ऑगस्टपर्यंत जागृति-सप्ताहहि होतो. परंतु जूनमध्यें उगवलेलें रोप तोंवर फुलून बीं धरूं लागलेलें असतें. तें उपटून रस्त्याकडेला टाकणें म्हणजे एक प्रकारची पेरणीच!

उपाय साधा आहे आणि म्हणूनच तो टाळला जातो. फुलें येण्यापूर्वीं, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यांत, ओली जमीन असतांना हातमोजे घालून झाड मुळासकट उपटावें. मातींतलें बीं एका वर्षांत संपत नाहीं, म्हणून हें दर वर्षीं नेमानें करावें. ज्यांना स्वतः जमत नाहीं त्यांनीं मजुरी मोजावी. जमिनीची मालकी सांगणाऱ्यानें तिच्यावरच्या तणाचीहि मालकी सांगितली पाहिजे.

मीं माझें रान गेल्या वर्षापासून त्या शेजाऱ्यास खंड न घेतां कसावयास दिलें आहे. यांत औदार्य कांहीं नाहीं. तीन वर्षांच्या खुरपणीचें तें देणें आहे, आणि तें अजून फिटलेलें नाहीं.